शिट्टी वाजल्यानंतरचं रीळ

मार्लो क्रीक, मिसिसिपी
रविवार, १६ सप्टेंबर १९८४

प्रिय लुशसदादा,

काल सकाळच्या बसनं तुझ्या नावानं एक पत्र्याचा डबा पाठवलाय. तिकडे इंडियानात बसस्टँडवर जाऊन सोडवून घे. खाऊ आला म्हणून उड्या मारू नकोस. आत फिल्मचं रीळ आहे, कॉर्नेलच्या फुटबॉलच्या पहिल्या दोन सामन्यांचं.

त्याचं शाळेतलं हे शेवटचं वर्ष. दोन सामन्यांत तीन वेळा तो चेंडू काखेत मारून मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि एकाही पोराचा हात त्याला लागला नाही. कोच हॅम्लिन स्वतःच्या लग्नातसुद्धा हसले नव्हते, त्यांनी शुक्रवारी टोपी हवेत फेकली. आज चर्चमध्ये रेव्हरंडनी प्रवचन मध्येच थांबवून कॉर्नेलला उभं केलं. मी खाली मान घालून बसले होते, पण खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

तुमच्या विद्यापीठात यंदा पळणाऱ्या पोरासाठी एकच जागा आहे, शिकणं-राहणं-खाणं सगळं फुकट, हे तूच ईस्टरला बोलला होतास. पोरं पारखायचीच तुझी नोकरी. आता भाच्याला पारख. मामा म्हणून मेहेरबानी कर असं मी म्हणत नाही, फक्त नीट बघ. ही जागा मिळाली नाही तर जूनमध्ये तो बापाबरोबर नदीवर जाणार, बोटीच्या दोरखंडांवर. त्या दोरखंडांनी त्याच्या बापाची, एल्विनची, दोन बोटं नेली. माझ्या पोराचे हात मला पुस्तकावर हवेत.

बाकी गुरुवारचं जेवण चालू आहे. तुझ्या वेळची रीत अजून मोडलेली नाही: चेंडू घेऊन पळणाऱ्याच्या घरी त्याच्या पुढच्या पाच अडवणाऱ्यांना जेवायला घालायचं. तू तेव्हा दुसऱ्यांच्या स्वयंपाकावर ताव मारायचास, त्याची फेड आता मी करतेय. त्यातला ओबी म्हणजे चालतं कपाट आहे. त्याला आई नाही, आजोबांकडे असतो. कॅटफिश आणि मक्याचा ब्रेड संपवल्यावर सगळ्यांची भांडी घासल्याशिवाय घरी जात नाही.

पत्रच लिही. फोनवर तू नुसतं हूं हूं करतोस, कागदावर तरी माणसासारखा बोलतोस.

तुझी नेटी


इंडियाना
२३ सप्टेंबर

नेटी,

रीळ पाहिलं. आधी मामा म्हणून पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या. मग खोलीचं दार लावून नोकरीचा माणूस म्हणून पाहिलं.

तुला आवडणार नाही ते आधीच लिहून टाकतो. त्या तीन लांब धावांवरून मला कॉर्नेलबद्दल फारसं कळलं नाही. ओबीबद्दल पुष्कळ कळलं. तिन्ही वेळा चेंडू डावीकडून गेला आणि तिन्ही वेळा त्या ओबीनं समोरच्या पोराला असं काही उचलून बाजूला नेलं, की मधून धान्याचा ट्रक गेला असता. त्या वाटेनं मीसुद्धा गेलो असतो, या मोडक्या गुडघ्यासकट. पुढे उरतात ते नुसते पाय, आणि वेगवान पायांची पोरं या देशात ढिगानं आहेत. लांब धाव झाली की लोक उभे राहतात. माझं काम ते खाली बसल्यावर सुरू होतं. यातलं किती त्याचं आणि किती त्याच्या साथीदारांचं, एवढंच मला ठरवायचं असतं.

गेल्या साली असाच एक लांब पळणारा मी इथं आणला. आमची अडवणाऱ्यांची फळी कच्ची आहे. त्याला वाट कुणी करून दिली नाही, मार मात्र पोटभर मिळाला. ख्रिसमसला घरी गेला तो परत आला नाही. त्याच्या आईला काय तोंड दाखवायचं ते मला अजून सुचलेलं नाही. तुझ्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नाही, म्हणून कडक बोलतोय.

मला त्याचे वाईट सामने पाठव. जिथं त्याला काहीही मिळालं नाही तेच बघायचंय. आणि हे पत्र त्याच्या हाती पडू देऊ नकोस. सतरा वर्षांचा आहे, मनाला लावून घेईल.

लुशस


मार्लो क्रीक
३० सप्टेंबर

दादा,

तुझं पत्र वाचून माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तू स्वतः फळीत खेळलास. कुणी चेंडू घेऊन चंद्रावर गेला असता तरी तू म्हणाला असतास, पुढे कोण होतं ते सांगा.

आणि या घरात लपतं काय? मी पत्र पिठाच्या डब्यामागे ठेवलं. कॉर्नेलला बिस्किटं करायची होती. त्यानं वाचलं, होतं तिथं ठेवलं आणि मला म्हणाला, "मॉम, मामाचं अक्षर सुधारलंय." एवढंच.

गुरुवारी पोरं जेवायला आली, तेव्हा वाढायला तो स्वतः उठला. ओबीच्या ताटात सगळ्यात मोठा तुकडा घातला आणि म्हणाला, "खा बाबा. सगळं तूच करतोस म्हणे." ओबी हसला, त्याला गंमत वाटली. मला नाही.

शुक्रवारी त्यानं कोचना सांगितलं, मला ओबीच्या बाजूनं पाठवू नका, उजवीकडून पाठवा. उजवीकडची आपली पोरं म्हणजे शेतात उभी केलेली बुजगावणी. कोचनी का ऐकलं देव जाणे. सामनाभर पोरगं तिथंच डोकं खुपसत राहिलं. दर वेळी तिघे-चौघे अंगावर. लांब धाव एकही नाही, आणि सामना हरलो. संपल्यावर ओबी कुंपणापाशी आला. म्हणाला, "मिस आर्नेटा, माझं काही चुकलं का? तो माझ्या मागं यायलाच तयार नाही." त्याला मी काय सांगू? तुझं पत्र वाचून दाखवू?

वाईट सामना हवा होता ना तुला? उद्याच्या बसनं येतोय. एल्विन चार दिवस घरी होता. "लुशस म्हणतो त्यात तथ्य असेल," असं म्हणाला आणि त्या दिवशी थंड जेवण जेवला.

नेटी


इंडियाना
८ ऑक्टोबर

नेटी,

मी चुकलो. हे वाक्य कापून भिंतीवर लाव, पुन्हा मिळणार नाही.

हरलेल्या सामन्याचं रीळ मी ऑफिसच्या भिंतीवर लावलं आणि दुपारचं जेवण विसरलो. उजव्या बाजूला त्याच्यासाठी कुणी काहीच केलेलं नाही. चेंडू हातात येतो तेव्हाच समोर दोघे उभे असतात. दुसरं कुठलंही पोरगं तिथं चार यार्ड मागं आडवं झालं असतं. कॉर्नेल पडत नाही. खांदा देतो, पाय सोडवून घेतो, अर्धा वळतो आणि दोन यार्ड पुढं जाऊन मगच पडतो. हिशेबात दोन यार्ड लागतात, पण मागचे चार त्यानं वाचवले ते कुणी लिहीत नाही. तुमच्या सगळ्या गावाला वाटलं पोरगं त्या दिवशी खेळलं नाही. माझ्या मते तो त्या दिवशी पहिल्यांदा खेळला.

मग पहिलं रीळ पुन्हा काढलं. वाट ओबीनं केली ते खरंच, पण शेवटच्या गड्याला चुकवताना कॉर्नेल जे करतो ते शिकवून येत नाही. पहिल्यांदा मला ते दिसलंच नाही, कारण माझा डोळा ओबीवर होता. तेव्हा चंद्राचं तू लिहिलंस ते मी मुकाट्यानं गिळतो.

हेड कोचना दाखवलं. त्यांना असाच हवाय, कुणाच्या मदतीशिवाय पुढं सरकणारा, कारण आमच्याकडे मदत करणारं कुणी नाही. म्हणाले, "अशी आणखी दोन-तीन रिळं आण, जागा याची." मी कोच हॅम्लिनना दोन ओळी लिहितोय, की पुढचे काही सामने त्याला उजवीकडूनच जास्त पळवा.

आणखी एक काम. मचाणावर कॅमेरा अजून सुतारकामाचे पर्विस मास्तरच चालवतात ना? फिल्म वाचवायला ते शिट्टी वाजली रे वाजली की कॅमेरा बंद करतात. सगळीकडे हीच पद्धत आहे. त्यांना म्हणावं, शिट्टीनंतरही थोडा चालू ठेवा. पडल्यावर पोरगं कसं वागतं, साथीदाराला हात देतं का, पंचांशी हुज्जत घालतं का, हे हेड कोचना बघायचं असतं.

ओबीला सांग, त्याचं काही चुकलेलं नाही. कॉर्नेलला सांग, मामा चुकला.

लुशस


मार्लो क्रीक
२८ ऑक्टोबर

दादा,

हसू नकोस, पण तुझं पत्र मी चर्चला पर्समध्ये घालून नेते. रेव्हरंडच्या बायकोनं दोनदा वाचलं.

तीन सामने झाले. कोचनी तुझं ऐकलं. चेंडू कॉर्नेललाच, आणि उजवीकडूनच. पोरगं नुसतं काळंनिळं झालंय. पाठीवर हात ठेवला तर दचकतो, पण तक्रार म्हणून नाही. आणि परवाच्या शुक्रवारची धाव तू रिळात बघशीलच. आपल्या अगदी शेवटच्या रेषेपाशी सगळे अडकलेले, लोक उठून घरी निघालेले, आणि हा त्या गर्दीतून कसा कोण जाणे बाहेर पडला तो थेट पलीकडच्या टोकाला. गावातले म्हातारे सांगतायत की असं या मैदानावर कधी झालं नाही. दुसऱ्या दोन कॉलेजांचे टोपीवाले पारखी कुंपणापाशी उभे होते, ते येऊन माझा हात हातात घेऊन गेले. तुमचे हेड कोच फोनवर "मॅम, मॅम" करत होते.

मी कॉर्नेलला त्या धावेबद्दल विचारलं, आत जाताना काय दिसलं, काय वाटलं. नुसता हसला. "झालं ते झालं, मॉम." एवढा विनय त्याच्या बापाच्या घराण्यात तरी नाही.

सामन्यानंतर फार झोपतो. शनिवार सगळा पडदे ओढून. उजेड नको म्हणतो, सर्दी डोक्यात गेली असेल. बुधवारी मला दोनदा विचारलं, पप्पा नदीवर गेले का? आदल्या दिवशी त्यानंच बॅग उचलून दिली होती. मला वाटतं एखादी मुलगी शिरलीय डोक्यात. गुरुवारी जेवताना ओबी म्हणाला, मैदानात कॉर्नेल त्याला भलत्याच नावानं हाक मारत होता. मी म्हटलं, बघ, मुलीचं नाव होतं का? बाकीचे हसले. ओबी ताट अर्धं ठेवून भांडी घासायला उठला. त्यालाही बरं नसावं.

पर्विस मास्तर कुरकुरतायत, पण कॅमेरा चालू ठेवतायत. रीळ धुऊन आलं तसं काल पहाटेच्या बसनं पाठवलं.

दादा, या वर्षी आई असायला हवी होती.

नेटी


इंडियाना
शुक्रवार, २ नोव्हेंबर

नेटी,

काल फोनवर तू मला पलटी खाणारा म्हणालीस आणि रिसीव्हर आपटलास. नंतर उचलला नाहीस. म्हणून लिहितोय. हे पत्र आजच्या सामन्याआधी पोचणार नाही, ते मला माहीत आहे. कोच हॅम्लिनना फोन केला. ते म्हणाले, डोकं जरा हललं असेल, सगळ्याच पोरांचं हलतं. मीही इतकी वर्षं हेच म्हणत आलोय.

काल मी बोलताना गडबडलो. आता सावकाश सांगतो.

रिळात, दुसऱ्या अर्ध्यात, एक साधा डाव आहे. दोन यार्डांचा. कॉर्नेल दोघांच्या मध्ये सापडतो, त्याचं डोकं एकाच्या गुडघ्यावर आपटतं आणि शिट्टी वाजते. आजवरची सगळी रिळं मी इथपर्यंतच पाहिली आहेत. माझ्या नोकरीतल्या सगळ्यांनी इथपर्यंतच पाहिली आहेत. या वेळी कॅमेरा चालू राहिला.

तो उठतो. सावकाश चालत जातो आणि समोरच्या संघाच्या कोंडाळ्यात जाऊन उभा राहतो. पांढऱ्या कपड्यांतली पोरं आणि मध्ये हा एकटा काळ्या कपड्यांत, त्यांचा डाव ऐकत असल्यासारखा. ती पोरं हसतात. मग ओबी येतो, कोपराला धरतो आणि त्याला परत आणतो. पुढच्या डावाआधी ओबी त्याचे दोन्ही खांदे धरून त्याचं तोंड वळवतो आणि बोट दाखवतो: तिकडे. त्यानंतरचा डाव म्हणजे तुमची ती लांब धाव.

नेटी, ती धाव मी पुन्हा पुन्हा पाहिली. मी आजवर पाहिलेली ती सगळ्यात चांगली धाव आहे, आणि आपण कुठं आहोत हे त्या पोराला माहीत नव्हतं. शेवटी पोचल्यावर तो चेंडू हातात धरून नुसता उभा आहे. सगळे अंगावर उड्या मारतायत आणि तो मचाणाकडे बघतोय. मग पुन्हा ओबी येतो.

पडदे, झोप, दोनदा विचारलेला प्रश्न. तुझं मागचं पत्र मी आता पुन्हा वाचलं. त्याला मुलगी सापडलेली नाही. त्याला मार लागलाय, आणि तो मार खायला मीच दोन ओळी लिहून त्याला उजवीकडे पाठवलं.

जागेचे कागद माझ्या टेबलावर आहेत, फक्त माझी सही बाकी आहे. तुला वाटेल मी हात आखडता घेतोय. वाटू दे. त्याला मैदानात पाठवू नकोस.

लुशस


मार्लो क्रीक
११ नोव्हेंबर

दादा,

तुझं पत्र मंगळवारी आलं. तोपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

त्या गुरुवारी फोन आपटला तेव्हा मी एवढी चिडले होते की पोरांची ताटं आपटतच वाढली. तू म्हणालास ते मी कुणाला सांगितलं नाही. कॉर्नेल समोरच बसून खात होता, ठीक दिसत होता. तू पहिल्यांदा नाही म्हणालास, मग हो म्हणालास, आता पुन्हा नाही. मी ठरवलं की शुक्रवारी बघायचं आणि रविवारी तुला चांगलं खरमरीत पत्र लिहायचं.

तर मी बघत होते. पण दादा, तू माझं बघणंच बिघडवून ठेवलंस. शिट्टी वाजली की लोक एकमेकांशी बोलायला लागतात, पॉपकॉर्न खातात. मी त्याच्यावरून नजर काढू शकले नाही. पहिल्या अर्ध्यात सगळं ठीक. मग तो एकदा पडला, उठला, आणि ओबी आधीच त्याच्याजवळ होता. एक हात कोपराला. कुणाला वाटेल दोस्त दोस्ताला शाबासकी देतोय. पुढच्या वेळी पुन्हा तसंच. तिसऱ्या वेळी ओबीला यायला जरा उशीर झाला, आणि माझं पोर मैदानाच्या मधोमध उभं राहून इकडे तिकडे बघायला लागलं. लहान असताना बाजारात माझा हात सुटला की असंच बघायचा.

मी उठले. लोकांच्या पायांवरून खाली आले. फाटकावर आपल्या चर्चचे डीकन टेट होते, म्हणाले, "सिस्टर आर्नेटा, कुठं निघालात?" मी त्यांच्या बाजूनं गेले. पांढरी रेषा ओलांडली. आई मैदानात येते असं आपल्याकडे कुणी पाहिलंय का? पोराचा पाय मोडला तरी आई कुंपणाबाहेर थांबते. पंचांनी शिट्ट्यांवर शिट्ट्या वाजवल्या. कोच ओरडत होते. मी चर्चचे बूट घालून त्या चिखलातून चालत गेले. एक कोपर ओबीनं धरलं होतं, दुसरं मी धरलं.

कॉर्नेल म्हणाला, "मॉम, आज रविवार आहे का?"

मग आम्ही दोघांनी त्याला बाहेर आणला. आम्ही फाटकातून बाहेर पडल्यावर कुणीतरी शिव्या दिल्या.

गाडीपाशी मी ओबीला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाला, "हो, मॅम." किती दिवस? "ऑक्टोबरमधल्या त्या कोलंबस डेच्या सुट्टीच्या आसपासपासून." मग सांगितलं का नाहीस कुणाला? तो रडायला लागला, एवढा मोठा पोरगा. "त्यानं सांगू नको म्हटलं होतं. आणि त्याला सांभाळायचं काम माझंच आहे ना, मॅम? मी सांभाळत होतो." मला त्याला रागवायचं होतं. मी त्याला पोटाशी धरलं, हात पुरले नाहीत.

जॅक्सनच्या डॉक्टरांनी दोन दिवस ठेवून घेतलं. डोक्यावर मारावर मार बसलेत, पहिला बरा व्हायच्या आत दुसरा. आणखी एक बसला असता तर मी आज हे पत्र लिहीत नसते, असं ते म्हणाले. मला खुर्ची दिली आणि मग म्हणाले. आता पुन्हा कधीच खेळायचं नाही. वाचणं हळूहळू, उजेड हळूहळू.

शेवटचा सामना परवा झाला, हरलो. गावात म्हणतायत आर्नेटानं हरवला. गुरुवारी मी नेहमीसारखा स्वयंपाक केला. एकटा ओबी आला. कॉर्नेल खोलीतून बाहेर आला नाही. मी त्याचं आयुष्य मातीत घातलं, असं त्यानं मला सांगितलंय, आणि त्यानंतर काही बोललेला नाही. टोपीवाल्यांचे फोन बंद झालेत.

तुझ्यावर मी रागावले आहे. उजवीकडून पळवा असं तू लिहिलंस. पण ते पत्र पर्समध्ये घालून मीच गावभर मिरवत होते, तेव्हा तुझ्यावर तरी किती रागवू? मला काही कळत नाही, दादा. रात्री त्याच्या दाराशी जाऊन श्वास ऐकते आणि परत येते.

नेटी


मार्लो क्रीक
२ डिसेंबर

लुशसमामा,

मॉमला माहीत नाही मी लिहितोय ते. डॉक्टरांनी एका वेळी थोडंच लिहायला सांगितलंय, म्हणून हे तीन दिवसांत लिहिलंय. पत्र ओबीकडून पेटीत टाकून घेतोय.

मला ती मोठी धाव आठवत नाही. अजिबात. सुताराच्या दुकानात, पेट्रोल पंपावर, शाळेत सगळे मला ती सांगतात. मी आता ती इतक्यांदा ऐकलीय की मीसुद्धा सांगू शकतो. पण मी तिथं होतो असं मला वाटत नाही. त्याच्या आधी मी बेंचजवळ पाणी पीत होतो आणि नंतर एकदम घरी पलंगावर होतो.

तुम्ही पारखी आहात. तुम्ही पहिल्या पत्रात मॉमला लिहिलं होतं की किती त्याचं आणि किती साथीदारांचं हे ठरवणं तुमचं काम आहे. मग सांगा. ती धाव माझी होती की ओबीची? मला खरं हवंय. मी भाचा आहे म्हणून गोड सांगू नका. नदीवर जायच्या आधी मला हे माहीत हवं.

ओबीला तुमच्या विद्यापीठाचं खेळायला बोलावल्याचं पत्र आलंय. तो माझ्यापासून लपवतोय. त्याला म्हणावं मला कळलंय, आणि तो लपवण्यात फार वाईट आहे.

मॉम रोज दाराशी येऊन उभी राहते. मी झोपल्याचं सोंग करतो. तिनं एवढं करायला नको होतं. एकच सामना उरला होता.

कॉर्नेल


इंडियाना
९ डिसेंबर

कॉर्नेल,

थोडं थोडं वाच. एका बैठकीत संपवलंच पाहिजे असं नाही.

धाव तुझी होती. ओबीनं तुला दिशा दाखवली आणि समोरच्या एकाला आडवं केलं. त्याच्यामुळे तुला दीड पावलाची जागा मिळाली. एवढ्या जागेत बाकीची पोरं पडतात. तू पाच जणांना मागं टाकलंस, आणि त्यातल्या शेवटच्याला कसं टाकलंस ते मला अजूनही उलगडलेलं नाही. मी वीस वर्षं हे काम करतोय, अशी धाव पाहिलेली नाही. गोड सांगत नाही. नोकरीचा माणूस म्हणून सांगतोय.

आता दुसरं खरं. तुझ्या आईनं तुझी जागा घालवली असं तू समजतोस. तसं नाही. तुला मैदानातून आणल्यावरही जागा होतीच. हेड कोचना मी शिट्टीनंतरचं सगळं दाखवलं. ते म्हणाले, उन्हाळा आहे ना मध्ये, पोरं बरी होतात, सही कर. कागद माझ्यासमोर होता. मी तुझं नाव खोडलं. बाकी दोन कॉलेजांतल्या माझ्या ओळखीच्या माणसांना मीच फोन केला आणि सगळं सांगितलं. तुझ्यासाठी उघडलेलं प्रत्येक दार मी माझ्या हातानं लावून घेतलं. तू सगळ्यात चांगला होतास हे मला पक्कं माहीत होतं आणि तरी लावलं. उद्या पुन्हा वेळ आली तर पुन्हा लावीन.

तेव्हा आईशी बोल. तिच्यावर धरलेला राग माझा आहे. तो माझ्यावर धर. थोडाथोडका नको. लग्न झालं, पोरं झाली, केस पांढरे झाले तरी सोडू नकोस. मी कधी तुमच्या दारात आलो तर तोंड फिरवून आत जा. म्हातारा होईपर्यंत माझ्यावर राग धर, कॉर्नेल. मला दुसरं काही नको.

लुशसमामा